तोफेवर हात ठेवलेला फोटो

माझी मधली बहीण गारांच्या माराने गेली. हे सांगितलं की लोक आधी जरा हसल्यासारखं करतात, मग माझ्या तोंडाकडे बघतात आणि गप्प होतात. गारांनी पत्रे फुटतात, पिकं जातात, माणूस कसं मरेल? मी सांगते कसं मरतं.

शाळा सुटल्यावर आम्ही तिघं भावंडं मोकळ्या मैदानातून घरी येत होतो. दादा बारा वर्षांचा, मधली दहाची, मी आठची. मैदान ओलांडायला वीस मिनिटं लागायची आणि मध्ये एकही झाड नव्हतं. आधी वारा पडला. मग लांब कुठेतरी खडीचा ट्रक रिकामा होतोय असा आवाज आला आणि तो आवाज आमच्या दिशेने चालत आला. पहिली गार माझ्या पायाशी फुटली, ती मुठीएवढी होती. मी तिथेच बसले. मधली आमच्या पुढे दहा-बारा पावलांवर होती, ती पळत सुटली. दादाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तो माझ्यावर पालथा पडला. दप्तर त्याने माझ्या डोक्यावर दाबून धरलं. त्यानंतर मला फक्त त्याच्या पाठीवर बसणारे फटके ऐकू येत होते, ओल्या गोणीवर काठी हाणावी तसे, आणि प्रत्येक फटक्याला त्याच्या नाकातून सुटणारा श्वास. तो ओरडला नाही. सगळं थांबलं तेव्हा मैदान पांढरं झालं होतं आणि मधली त्यात एका कुशीवर पडली होती. तिच्या डोक्याची एक बाजू आत गेली होती, डबा आपटून पोचा येतो तशी.

घरात त्यावर पुढे कधी कोणी बोललं नाही. आईने मधलीची वह्या-पुस्तकं ट्रंकेत टाकली आणि ट्रंक माळ्यावर गेली. दादाची पाठ महिनाभर निळी-काळी होती. तो पोटावर झोपायचा आणि छताकडे बघायचं म्हणून मान वाकडी करायचा. का बघतोस म्हणून मी विचारलं तर म्हणाला, "बघतो, किती जाड आहे ते."

मी पुढे नर्स झाले. गेली बावीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत आहे. दादा टॉकीजमध्ये ऑपरेटर झाला. सिनेमा लोक खाली बसून बघतात, हा वरच्या केबिनमध्ये उभा राहून भिंतीतल्या चौकोनी भोकातून बघायचा. रीळ तुटलं की चिकटवायचा, यंत्राच्या दिव्यातला कार्बन विझला की नवा लावायचा. केबिनमध्ये भट्टीसारखं गरम व्हायचं. सगळे त्याला ऑपरेटरच म्हणायचे. वहिनीसुद्धा शेजारणीशी बोलताना म्हणायची, "आमचे ऑपरेटर अजून आले नाहीत." वहिनी शिवणकाम करते. तिच्या जिभेची धार कात्रीपेक्षा कमी नाही आणि दादाला ती धार मानवायची.

मग टॉकीजमध्ये नवं यंत्र आलं आणि रिळं गेली. दादाला दिवसातून चार वेळा एक बटण दाबायचं एवढंच काम उरलं. मधल्या वेळात करायचं काय, म्हणून त्याने ब्लॉग सुरू केला. नाव ठेवलं, 'पडदा आणि आभाळ'.

तो ब्लॉग पहिल्यांदा उघडणाऱ्याला वाटायचं की तीन वेगवेगळ्या माणसांची पानं एकात एक मिसळली आहेत. वर एखाद्या गाण्याचा व्हिडिओ आणि त्याखाली दादाची टिप्पणी. त्यानंतर आठवड्यात पाहिलेला सिनेमा. आणि सगळ्यात खाली हवामानावर ताबा मिळवण्याची एक कल्पना. डोंगराची एक बाजू काळी रंगवली तर तिथली हवा तापून वर जाईल आणि ढग धरतील. गावातल्या सगळ्या स्पीकरवर एकाच वेळी खर्जाचा सूर लावला तर धुक्याचे थेंब हलून एकमेकांना चिकटतील. समुद्रात बोटी उभ्या करून खाऱ्या पाण्याचे फवारे उडवायचे, म्हणजे ढग जास्त पांढरे होतील आणि ऊन परत फिरेल. काही कल्पना त्याने कुठेकुठे वाचलेल्या असायच्या, काही निव्वळ त्याच्या डोक्यातून निघालेल्या. सोबत पेनने काढलेल्या आकृत्या.

मला आधी वाटायचं, रिकामपणाचे उद्योग. पण एकदा ड्युटी संपल्यावर चहा पिता पिता मी त्याचं एक पान नीट वाचलं. त्यात त्याने लिहिलं होतं, "या गाण्यात बाई गच्चीवर भिजते. पाऊस उजवीकडून पडतोय आणि तिचे केस उजवीकडेच उडताहेत, म्हणजे पंखा चुकीच्या बाजूला लावलाय. पण गंमत बघा, पंखेवाला चुकला तरी वारा त्याचंच ऐकतो. पडद्यावर माणूस थांब म्हणाला की पाऊस थांबतो. नळ बंद करणारा कोणीतरी असतो. आभाळाची एवढीच अडचण आहे, तिथे नळापाशी कोणी बसलेलं नाही." आणि पुढे एकच ओळ, "आम्ही तिघं चाललो होतो तेव्हाही कोणी बसलेलं नव्हतं."

मी कप खाली ठेवला. पस्तीस वर्षांत त्याने मधलीबद्दल काढलेला तो पहिला शब्द होता, आणि तो मला असा, जगाबरोबर वाचायला मिळाला.

वाचणारे दोन-तीनशे असतील. निम्मे गाण्यांसाठी यायचे. वहिनी म्हणायची, "आभाळाला कळवलंय का हे, की नुसतं आम्हालाच?" दादा हसायचा आणि पुढचं पान लिहायला घ्यायचा.

मग त्याने तोफेचं पान लिहिलं. गारांवर तोफ डागायची ही युक्ती जुनी आहे, परदेशातले बागाईतदार ती वापरतात. बंदुकीसारखी गोळी नसते तिच्यात. खाली लोखंडी पिंप, त्यावर आभाळाकडे तोंड करून मोठं नरसाळं. पिंपात गॅस भरून ठिणगी द्यायची, धडाका होतो आणि आवाजाची लाट वर ढगात जाते. अशा लाटा एकामागून एक सोडल्या की गार धरत नाही, असं म्हणतात. दादाने मापासकट आकृती काढली होती. शेवटी लिहिलं होतं, "याने गारा थांबतात असा पुरावा आजवर कोणाला मिळालेला नाही. पण कल्पना काय सुंदर आहे."

हे पान एका भट्टीवाल्याने वाचलं. गावाच्या वरच्या अंगाला वीटभट्ट्या आहेत, खालच्या अंगाला भाजीचे मळे. हा वरचा सगळ्यात मोठा भट्टीवाला. आदल्या वर्षी अवकाळी पाऊस आणि गारा पडून त्याच्या लाखभर कच्च्या विटांचा चिखल झाला होता. तो सरळ टॉकीजच्या केबिनमध्ये चढून आला.

"ते आभाळवाले तुम्हीच का?"

"मी ऑपरेटर," दादा म्हणाला.

"तेच ते. तुमची तोफ बनवायची आहे. माझ्याकडे वेल्डर आहे. तुम्ही फक्त उभे राहून सांगा."

दादाने मला त्या संध्याकाळी लगेच फोन केला. बारा वर्षं तो लिहीत होता आणि पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं होतं की हे करून बघू. त्याने भट्टीवाल्याला पुरावा नसल्याच्या त्या ओळीची आठवण करून दिली का? दिली नाही. हे त्यानेच मला नंतर सांगितलं.

तोफ महिन्याभरात उभी राहिली, दोन पुरुष उंच. ती डागायला भट्टीवरचाच एक कामगार नेमला, सगळे त्याला तोफवाला म्हणायला लागले. हडकुळा, हसरा माणूस, कानात कापसाचे बोळे. पहिल्या दिवशी ढग आले, तोफवाल्याने पंचवीस बार काढले, ढग गेले. भट्टीवाल्याने दादाला मिठी मारली. दादाने तोफेवर हात ठेवून फोटो काढून घेतला, शिकार केलेल्या जनावरावर हात ठेवतात तसा, आणि तो ब्लॉगवर टाकला. खाली लिहिलं, 'आपली तोफ'. त्या एका पानावर त्याच्या सगळ्या जुन्या पानांपेक्षा जास्त लोक आले.

त्या वर्षी खाली मळ्यांवर पाऊस पडला नाही. पुढच्या वर्षीही पडला नाही. सगळ्या मुलखातच नव्हता, पण मळ्यातल्या लोकांना मुलूख दिसत नव्हता. त्यांना दिसायचं ते एवढंच, की ढग यायचे, वर धाड् धाड् सुरू व्हायचं आणि ढग निघून जायचे. विहिरी तळाला गेल्या, वेल उभेच्या उभे वाळले.

आधी भट्टीच्या ट्रकवर दगड आले. काच फुटून ड्रायव्हरच्या डोळ्यात गेली. मी त्याचा डोळा धुतला, पण डोळा वाचला नाही. मग भट्टीवरच्यांनी मळ्याकडच्या दोघांना बाजारात गाठून त्यांचे गुडघे फोडले. ते दोघेही माझ्याच टेबलावर आले. वहिनी रोज म्हणायची, "अहो, तो फोटो काढून टाका आधी. तुमचा हात आहे त्यात."

"फोटो काढून पाऊस पडणार आहे का?" दादा म्हणायचा.

"तोफेने जातो म्हणता ना? मग फोटोने पडेल."

त्याने काढला नाही. मीही एकदाच सांगितलं आणि सोडून दिलं. माझ्या मनात कुठेतरी होतं की आभाळाला एकदा कोणी डिवचलं तर बरंच आहे. हे मी आज कबूल करते.

एका मंगळवारी सकाळी अकराला तोफ फुटली. जोड उसवला, की मळ्याकडच्या कोणी नरसाळ्यात काही कोंबलं होतं, ते आजपर्यंत कळलेलं नाही. तोफवाला पिंपापाशीच होता. त्याला ट्रॉलीवरून आणलं तेव्हा शर्ट कुठला आणि कातडी कुठली हे मला कात्री हातात घेऊन शोधावं लागलं. तो शुद्धीवर होता. एकसारखं विचारत होता, "कानातला कापूस आहे का?" त्याचा एक कान जाग्यावर नव्हता.

भट्टीवर बातमी पसरली की मळेवाल्यांनी घातपात केला. दुपारी दोनच्या सुमारास भट्टीचे वीस-पंचवीस जण फावडी घेऊन रस्त्यावर उतरले आणि खालून येणारा पहिला माणूस त्यांनी धरला. तो मळ्याकडचे पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याचा धाकटा भाऊ होता. तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, सायकलला टोपली अडकवून औषधं आणायला निघालेला. त्याला फावड्याच्या पात्याने नाही मारलं, दांड्याने मारलं, म्हणून वेळ लागला. माझ्यापर्यंत आला तेव्हा संपला होता. त्याच्या पायाशी पंपवाला उभा होता, हाताला ग्रीस लागलेलं. तो रडला नाही. मला म्हणाला, "तोंड पुसा त्याचं. आईला दाखवायचं आहे." मी पुसलं. पण पुसून दाखवण्यासारखं फार उरलं नव्हतं.

गुरुवारी मळ्याकडचे लोक टॉकीजवर गेले.

मॅटिनी चालू होती. पुढचं मला डोअरकीपरने सांगितलं, त्याच्या डोक्यालाही सहा टाके पडले. चाळीस-पन्नास माणसं जिना चढली. दादाने केबिनचं लोखंडी दार आतून लावलं. त्यांनी भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर काढून त्याने कडी तोडली. पंपवाला सगळ्यांच्या पुढे होता. त्याच्या हातात ब्लॉगवरचा तो फोटो होता, कागदावर छापलेला.

"हा तूच ना?"

"मीच," दादा म्हणाला. "पण माझं ऐका..."

"हात कुठला हा? उजवा ना?"

दोघांनी दादाला धरलं. पंपवाल्याने त्याचा उजवा हात दाराच्या बिजागरीच्या फटीत घातला आणि दार ओढलं. मग पुन्हा उघडून ओढलं. डोअरकीपर म्हणाला, तीनदा. खाली पडद्यावर गाणं चालू होतं आणि लोकांना वाटलं वरचा आवाज गाण्यातलाच आहे. कोणीतरी पाइपचा तुकडा दादाच्या कानशिलावर घातला. यंत्राची काच फोडली, तेव्हा कुठे पडद्यावर अंधार झाला आणि खालच्यांनी शिट्ट्या मारल्या. दादाला जिन्यावरून खाली फेकलं. सव्वीस पायऱ्या आहेत. त्या रोज चढताना तो मोजायचा.

मी त्याला ओळखलं ते उताणा करायला गेले आणि पाठीवरचे गारांचे जुने वण दिसले म्हणून. डॉक्टर म्हणाले, तुम्ही बाहेर थांबा. मी थांबले नाही. त्याची तीन बोटं तिथेच काढावी लागली. ट्रे मीच धरला होता.

वॉर्डात जागा नव्हती. सहा नंबरच्या खाटेवर दादा होता आणि आठ नंबरवर, भाजलेल्यांना लावतात त्या जाळीखाली, तोफवाला. मधली सात नंबरची खाट रिकामी झाली त्या दुपारी मी सलाईन बदलत होते, तेव्हा तोफवाल्याने मान न हलवता हाक मारली.

"ऑपरेटर, जागे आहात?"

"आहे. जरा मोठ्याने बोल, मला डावीकडूनच ऐकू येतं."

"एक खरं सांगा. ती तोफ चालायची का हो?"

मी बाटली हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"नाही," तो म्हणाला. "मला नाही वाटत चालत असेल."

तोफवाल्याच्या छातीतून खरखर निघाली. तो हसत होता. "मलाही नाही वाटायचं. एकदा मला ताप होता, मी तिच्या सावलीत झोपून राहिलो. एकही बार काढला नाही. ढग तरी गेलेच. मालक आले आणि पाठ थोपटून गेले."

"मग सांगितलं का नाहीस त्यांना?"

"मला कामावरून काढलं असतं. तुम्ही का नाही सांगितलं?"

दादाने तोंड भिंतीकडे केलं. त्याच्याकडे नोकरीचंही कारण नव्हतं.

तोफवाला नवव्या दिवशी गेला. त्याची बायको आली तेव्हा दादा खाटेवरून उठून उभा राहिला. तिने त्याच्या पट्ट्यांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "तुमचे हात तरी आहेत." मग ती कपड्यांची पिशवी घेऊन निघून गेली.

घरी आल्यावर दादाने डाव्या हाताने एक पान लिहिलं. एकेक अक्षर शोधत त्याला दोन दिवस लागले. वहिनी शेजारी शिवण घेऊन बसली होती, पण मशीन चालवत नव्हती. पानात गाणं नव्हतं, सिनेमाही नव्हता. "तोफेने ढग जात नाहीत. तोफेने पाऊसही जात नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बोललो नाही, कारण मला फोटो काढून घ्यायचा होता. यात दोन माणसं मेली." जुना फोटो त्याने ब्लॉगवरून हटवला नाही, तसाच वर ठेवला आणि हे त्याच्या खाली लिहिलं.

त्याने काय साधलं? मळेवाले म्हणाले, मार बसला म्हणून आता पलटला. भट्टीवाले म्हणाले, मळेवाल्यांना विकला गेला. घराच्या खिडकीतून जळता बोळा आत आला आणि वहिनीच्या शिवायला आलेल्या कपड्यांचा ढीग पेटला. आग विझवताना तिचा हात कोपरापर्यंत भाजला. तिने तो पाण्यात धरला आणि म्हणाली, "आता तरी कुठे जाऊन सांगायचं ते तोंडाने सांगा. लिहून पुरे झालं."

भट्टीवाल्याने तोवर दुसरी तोफ उभी केली होती, आधीपेक्षा मोठी. त्याच्या कच्च्या विटा वाळत पडल्या होत्या आणि आभाळ भरून येत होतं.

दादा सकाळी दहाला तिथे गेला. पुढचं त्याने कोर्टात सांगितलं तसंच सांगते, त्यात मी काही घालत नाही. तो भट्टीवाल्याला म्हणाला, "ही उडवू नका. काही उपयोग नाही हिचा. खालची माणसं पुन्हा येतील, पुन्हा कोणीतरी मरेल."

भट्टीवाला म्हणाला, "माझ्या विटा दोन वर्षांत भिजल्या नाहीत. उपयोग म्हणजे आणखी काय असतो?"

"पाऊसच नव्हता."

"का नव्हता?" भट्टीवाला हसत म्हणाला. "तुम्ही फार हुशार माणूस आहात ऑपरेटर, तुम्हाला तुमचीच किंमत कळत नाही." आणि त्याने नव्या तोफवाल्याला हात केला.

बाजूला वेल्डरचा हातोडा पडला होता. दादाने तो डाव्या हाताने उचलला आणि गॅसच्या तोटीवर घातला. तोटी वाकली. दुसरा घाव घातला. भट्टीवाला मागून धावून आला आणि त्याने दादाची मान धरली. दादा वळला. तिसरा घाव भट्टीवाल्याच्या जबड्यावर बसला. न्यायाधीशांनी विचारलं, "चुकून लागला का?" त्याच्या वकिलाने त्याला काय सांगायचं ते पढवलं होतं. दादा म्हणाला, "नाही. तोटीवर दोन चुकून पडले असतील, हा बघून मारला. तो हसत होता."

त्या सकाळी माझी ड्युटी होती. भट्टीवाल्याला दोघांनी धरून आणलं, जबडा एका बाजूला लोंबत होता आणि तोंडातून रक्ताच्या तारा शर्टावर उतरत होत्या. कोणी मारलं ते सोबतच्या माणसाने सांगितलं तेव्हा माझ्या हातात किडनी ट्रे होता. मी तो खाली ठेवला नाही. भट्टीवाल्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. दादाचं आणि माझं नाक सारखं आहे, सगळे म्हणतात. त्याने खुणेने कागद मागितला आणि लिहिलं, "भाऊ?"

मी मान हलवली.

त्याने डोळे मिटले आणि तोंड माझ्याकडे केलं. मी त्याच्या जिभेखालून तुटलेले दात काढले, चार होते. ड्रेसिंग करताना मला दुसरं कोणी बोलवता आलं असतं. मी बोलावलं नाही.

दादाला चौदा महिन्यांची कैद झाली. त्याच वर्षी पाऊस पडला. वरही पडला, खालीही पडला. खाली विहिरी भरल्या, वर विटांचा चिखल झाला आणि तोफ तोटी वाकलेली तशीच गंजत उभी राहिली. भट्टीवाल्याने ती भंगारात काढली. पंपवाल्याच्या भावाला मारणाऱ्यांपैकी सहा जणांना शिक्षा झाली, बाकीचे साक्षीअभावी सुटले आणि आजही फावडी चालवतात. दादाचा हात दारात घालणाऱ्यांवर केस उभी राहिली नाही, कारण दादाने ओळखपरेडमध्ये कोणाला ओळखलं नाही. पंपवाला त्याच्यासमोर चार फुटांवर उभा होता. तुरुंगातल्या भेटीत मी त्याला विचारलं, असं का केलंस. तो म्हणाला, "कान गेला आहे माझा, डोळेही गेले समज."

सुटल्यावर टॉकीजने त्याला परत घेतलं नाही. वहिनीने त्याला काजं-बटणं करायला बसवलं, सात बोटांनी.

सुटल्याच्या पहिल्याच आठवड्यात तो पंपवाल्याच्या घरी गेला. दारात उभा राहून म्हणाला, "मी आलो आहे." पंपवाल्याने बाहेर येऊन त्याच्या तोंडात मारली. दादा उभा राहिला. त्याने पुन्हा मारली. आतून त्याची म्हातारी आई आली आणि म्हणाली, "आत घे नाहीतर हाकलून दे. दारात उभं करून मारू नको, नातवंडं बघताहेत." पंपवाल्याने दार लावून घेतलं.

पुढच्या महिन्यात दादा पुन्हा गेला. दार उघडलंच नाही. तो दोन तास पायरीवर बसून परत आला. वहिनी म्हणाली, "तुम्हाला माफी हवी आहे की मार?" तो म्हणाला, "ते मला अजून कळलेलं नाही."

तिसऱ्यांदा गेला तेव्हा पंपवाला घरी नव्हता, शेजारच्या विहिरीवर पंप बसवत होता. धाकटा भाऊ असताना दोघं मिळून पाइप उतरवायचे, आता तो एकटाच लांबलचक लोखंडी पाइप काठावर तोलत होता आणि पाइप घसरत होता. दादा काही न बोलता जवळ जाऊन उभा राहिला. पंपवाल्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या उजव्या हाताकडे, जिथे तीन बोटं नव्हती, तिथे जरा जास्त वेळ पाहिलं.

"डाव्याने धरता येईल?" त्याने विचारलं.

"येईल."

"सोडलास तर विहिरीत जाशील. मी काढायला येणार नाही."

दादाने टोक धरलं. दुपारपर्यंत त्यांनी चार पाइप उतरवले. दादा निघाला तेव्हा पंपवाला पाठमोराच राहिला. संध्याकाळी दादा कॅज्युअल्टीत आला. पाइपच्या आट्यांनी त्याचा डावा तळवा चिरला होता. मी दोन टाके घातले.

"उद्या परत जाणार आहेस?" मी विचारलं.

"दोन पाइप राहिलेत," तो म्हणाला.